कन्व्हेन्शन हवं म्हणे! आणि आयत्या वेळचे विषय?

नाठाळ
काल ऑस्टिनकरांनी लिहिलं, "वॉशिंग्टनला वठणीवर आणायचं तर राज्यांनीच अमेरिकी घटनेच्या पाचव्या कलमाखाली कन्व्हेन्शन, म्हणजे दुरुस्त्या सुचवणारी परिषद, बोलवावं. ३४ राज्यं झाली की काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, नाकावर टिच्चून दुरुस्त्या." दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण रात्रभर डोक्यात भुंगा.

३४ राज्यांनी अर्ज केले की काँग्रेसने कन्व्हेन्शन बोलवायचं, एवढंच कलमात आहे. प्रतिनिधी कोण नेमणार? वायोमिंगच्या पावणेसहा लाखांना एक मत आणि कॅलिफोर्नियाच्या जवळजवळ चार कोटींनाही एकच? भलतंच निघालं तर थांबवणार कोण? कलम गप्प. आजवरच्या सगळ्या २७ दुरुस्त्या काँग्रेसमधून निघाल्या, या दुसऱ्या वाटेने एकही नाही.

आणि १७८७ विसरलात? फिलाडेल्फियाला मंडळी जमली ती राज्यांमधल्या जुन्या करारनाम्याची डागडुजी करायला. तो बदलायचा तर तेराच्या तेरा राज्यांची संमती लागायची. यांनी बंद दाराआड अख्खी नवी घटना लिहिली आणि 'नऊ राज्यं पुरेत' हेही स्वतःच घालून टाकलं. ऱ्होड आयलंड तर फिरकलंही नव्हतं.

सभा ठरलेला विषय सोडून कशी भरकटते, हे मला पुण्यात कळलं. बाबांच्या सोसायटीत विशेष सभा. लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस, विषय एकच: वरच्या टाकीची गळती. खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर अकरा टाळकी, कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब. बाबा तेवढ्यात बीपीची गोळी घ्यायला वर गेले. खाली येईतो 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचा विषय' म्हणून पार्किंगच्या चिठ्ठ्या टाकून झाल्या होत्या. बावीस वर्षांची जागा गेली. टाकी अजून गळतेय.

ऑस्टिनकर
नाठाळराव, बाबांचं वाईट वाटलं, पण अमेरिकेची घटना म्हणजे तुमची टाकी नव्हे. कन्व्हेन्शन फक्त सुचवतं. मंजुरीला ३८ राज्यं लागतात. तेरा राज्यांत एकेक सभागृह आडवं पडलं तरी विषय संपला. इथे ३८ राज्यं पिझ्झावर काय घालायचं यावरही एकमत करणार नाहीत.

अमेरिकी सरकारचं कर्ज ३६ ट्रिलियन डॉलरच्या वर गेलंय. काँग्रेस स्वतःच्या हाताने स्वतःला वेसण घालेल? समतोल बजेटच्या दुरुस्तीसाठी ऐंशीच्या दशकात ३२ राज्यांपर्यंत मजल गेली होती, दोन कमी पडली. आणि नुसत्या धाकानेही काम होतं. सिनेटर लोकांनी थेट निवडून द्यायला काँग्रेसचं वरचं सभागृह, सिनेटच, तयार नव्हतं. कन्व्हेन्शनसाठी राज्यांच्या अर्जांची चळत वाढली तेव्हा १९१२ मध्ये मुकाट्याने दुरुस्ती पाठवली, १९१३ ला ती सतरावी दुरुस्ती झाली. चेंडू मैदानाबाहेर जाईल म्हणून बॅटच उचलायची नाही का?

उपविधी
नाठाळ, विशेष सभेत नोटिशीबाहेरचा विषय घेताच येत नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमांत, स्पष्ट आहे. तुमच्या वडिलांनी तिथेच आक्षेप नोंदवायला हवा होता. मी नऊ वर्षं सेक्रेटरी आहे, बिनपगारी. सभेला यायचं नाही आणि नंतर बोंब मारायची, हा राष्ट्रीय छंद आहे.

नाठाळ
उपविधीत आहे हो. तरी पार्किंग गेलं ना? माझं म्हणणं तेवढंच आहे. धन्यवाद.

एडिसनची ताई
ऑस्टिनकर, हे फक्त उजव्यांचं खूळ नाही. निवडणुकीतला पैसा रोखायला डाव्यांनीही व्हरमाँट राज्यापासून अर्ज करून घेतले. बंदुकांवर निर्बंध आणायला कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये केला. आणि मेरीलँडने २०१७ मध्ये आपले जुने अर्ज घाबरून मागे घेतले. उजव्यांचे लाडके सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती स्कालिया, तेही २०१४ मध्ये म्हणाले की कन्व्हेन्शन नको, त्यातून काय बाहेर पडेल कुणी सांगावं.

तुमच्या ३८ चा भरवसाही धरू नका. मंजुरी विधानसभांनी द्यायची की राज्यागणिक वेगळ्या परिषदांनी, हे काँग्रेस ठरवते. दारूबंदी उठवणारी एकविसावी दुरुस्ती अशाच परिषदांतून गेली, १९३३ च्या फेब्रुवारीत निघाली आणि डिसेंबरात मंजूर. मग तुमची आडवी पडलेली सभागृहं काय करणार?

रांगेतला
तुमचं चालू द्या. मी तेरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत. एका देशाला ग्रीन कार्डं सात टक्क्यांपर्यंतच, ही मर्यादा घटनेत नाही, साध्या कायद्यात आहे, तरी बदलत नाही. आणि हे घटना बदलायला निघाले! मुलगी इथे जन्मली. २०२५ च्या जानेवारीत जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर मर्यादा घालणारा ट्रम्प यांचा तो आदेश निघाला त्या रात्री बायकोने तिचा जन्मदाखला कपाटातून काढून दिवाणाखालच्या पेटीत ठेवला. काय उपयोग, पण ठेवला. आज निदान आदेशाविरुद्ध कोर्टात जाता येतं, जन्माने नागरिकत्व देणारी १८६८ ची चौदावी दुरुस्ती पाठीशी आहे. कन्व्हेन्शनने तिलाच हात घातला तर कुठल्या कोर्टात जाऊ?

ऑस्टिनकर
घाबरवणं थांबवा. घटनादुरुस्तीने नागरिकत्व काढायला ३८ राज्यं कुठून येणार? आणि ज्यांना इथे मतच नाही त्यांनी जरा जपून.

रांगेतला
वा! आठ वर्षांपूर्वी माझ्याच शेजारी बसून एच-वन-बी व्हिसाचे फॉर्म भरत होतात, साहेब.

वऱ्हाडी ठेचा
तुमच्या राज्यांना कन्व्हेन्शन बोलवता तरी येतं. आमच्याकडं भारतात घटनेच्या ३६८ कलमाखाली दुरुस्तीचं विधेयक संसदेतच मांडायचं. राज्यांचा नंबर लागला तर शेवटी, निम्म्यांनी मान डोलवायला, तेही ठराविक विषयांपुरतं. आणि वेगळा विदर्भ करायचा तर तिसऱ्या कलमात विधानसभेला फक्त मत विचारतात, ऐकायची सक्ती नाही. तरी करत नाहीत, ते वेगळं.

सदाशिव पेठी
विदर्भ नंतर. नाठाळ, जागा स्टिल्टखालची, म्हणजे इमारतीच्या खांबांमधली, होती का? स्टिल्ट पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलंय. तुमच्या वडिलांनी ती 'विकत' घेतली असेल तर हक्काचं बोलूच नका.

नाठाळ
विकत नाही घेतली. बावीस वर्षं स्कूटर लावली. सभेने दिली होती.

उपविधी
मग सभेने दिलं ते सभेने काढलं. फक्त नोटीस चुकली. सहकाराचं म्हणाल तर भारताच्या घटनेची ९७ वी दुरुस्ती आठवा. संसदेने २०११ मध्ये आमच्या सोसायट्यांसाठी घटनेत अख्खा भाग घातला, निम्म्या राज्यांची मंजुरी घ्यायचं राहिलं. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, सुप्रीम कोर्टाने तो राज्यातल्या संस्थांपुरता रद्द केला, बहुराज्य संस्थांपुरता ठेवला. दरम्यान राज्यांनी त्याबरहुकूम कायदे बदलून घेतले होते आणि आम्ही निवडणुका घेत बसलो होतो.

एडिसनची ताई
हे बरं सापडलं. म्हणजे पद्धत मोडली तर तिथे कोर्ट तरी आहे. नाठाळांचा प्रश्न तोच: कन्व्हेन्शन भरकटलं तर इथलं कोर्ट मध्ये पडेल का, याला आजवर दाखला नाही.

ऑस्टिनकर
इंडियानाने २०१३ मध्येच कायदा केलाय. प्रतिनिधी दिलेल्या विषयाबाहेर गेला तर त्याचं मत रद्द. असे कायदे ३४ राज्यांनी आधी केले तर?

नाठाळ
तर मी गप्प बसेन. आधी ३४ करून दाखवा. तोवर ती नुसती फळ्यावरची नोटीस.

ऑस्टिनकर
बरं. विषय आधी बांधल्याशिवाय बोलवू नये, एवढं मान्य. "नाकावर टिच्चून" मागे घेतो. टाकीची तुलना मात्र मान्य नाही. आणि रांगेतला, मताचं बोललो ते चुकलं.

रांगेतला
नोंद घेतली. फॉर्मची झेरॉक्स माझ्याच पैशांनी काढली होती, तीही नोंद असू दे.

नाठाळ
बाबांना हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. १७८७ ला झोपले, ९७ व्या दुरुस्तीला उठून बसले. विचारतायत, उपविधी, अर्ज कुणाच्या नावे करायचा?

उपविधी
उपनिबंधक, सहकारी संस्था. पण आधी सोसायटीकडे सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागा. लेखी. आणि पोच घ्या, नाहीतर म्हणतील अर्ज आलाच नाही.