हंगामाच्या सणात नाव आणि रक्कम वाचून दाखवावी का?

तलावपाळी
सर्वांना सलाम. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, ठाण्यातली, तिचं नाव इथे घेत नाही. गेल्या रविवारी हंगामाचा सण झाला. वेदीपुढे नारळ, केळी, भोपळे, तांदळाच्या पिशव्या, अंडी मांडली होती. ठाण्यात शेती कुणाकडे उरली आहे? सगळं बाजारातूनच येतं. तरी पहिलं फळ देवापुढे ठेवायची रीत आम्ही सोडलेली नाही आणि ती मला मनापासून आवडते.

मांडलेल्या वस्तूंच्या लिलावाआधी दानाची पाकिटं वाचली. माइकवरून आधी नाव, मग रक्कम. 'पंचवीस हजार' म्हटल्यावर टाळ्या. लगेच पुढचं पाकीट कोपरीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका बहिणीचं. दीडशे रुपये. टाळ्या थांबल्या. ती माझ्या शेजारीच बसली होती. तिने पदर सावरला आणि गीतांच्या पुस्तकात पान शोधू लागली. गीताला अजून बराच वेळ होता.

माझं म्हणणं एवढंच, की हे वाचन बंद करा. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं प्रभूने सांगितलं (मत्तय ६) आणि आपण ते माइकवरून सांगतो. पंचवीस हजार देणाऱ्याचंही यात नुकसानच आहे. 'ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत' हे त्याच अध्यायातलं वचन आहे.

माजी खजिनदार, कळवा
ताई, तुम्हाला वाईट वाटलं ते समजतं. पण मी नऊ वर्षं दुसऱ्या एका मंडळीचे हिशेब सांभाळले आहेत, म्हणून विरोधात लिहितो. नाव आणि रक्कम वाचायची पद्धत मानपानासाठी आली नाही. दिलेलं पोचलं हे देणाऱ्याला कळावं, म्हणून आली. आमच्याकडे एके काळी पाकिटं उघडायला एकच माणूस बसायचा. पुढे काय झालं ते लिहीत नाही. विश्वस्त संस्थांच्या १९५० च्या कायद्याप्रमाणे हिशेब तपासून घ्यावे लागतात, हे खरं. पण जी पावती फाडलीच नाही, ती तपासनिसाला कुठून दिसणार?

प्रेषित पौलानेही यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेल्या रकमेवरून कुणी दोष ठेवू नये, म्हणून आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळीतले आणखी भाऊ पाठवले (२ करिंथ ८). आणि मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे जवळची शेवटची दमडी, टाकणारी विधवा? प्रभू भांडारासमोर बसून लोक काय टाकतात ते बघत होता. तिथे देणं उघड्यावरच चाललं होतं.

ऐरोलीची लेक
मला दोघांचंही पटत नाही. प्रश्न माइकचा नाहीच. जिला महिनाअखेर गाठता येत नाही, तिच्याकडून आपण घेतो कसं?

माझी आई घणसोलीत शिवणकाम करायची. माझी दहावीची फी दोनदा थकली, पण मंडळीला द्यायचा मिळकतीचा दहावा हिस्सा, दशांश, एकदाही नाही. कारण 'दशांश न देणारा देवाला लुबाडतो' हे मलाखी संदेष्ट्याचं वचन तिला वर्षानुवर्षं ऐकवलेलं. घरात काय शिजतंय, हे विचारायला मात्र मंडळीतून कुणी आलं नाही.

विधवेची गोष्ट सगळे मार्क १२:४१ पासून वाचतात. एक वचन वर जा. शास्त्री 'विधवांची घरे गिळंकृत करतात' असं येशू म्हणतो. पुढचा अध्याय उघडताच सांगतो, की या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही. इ. स. ७० मध्ये ते पडलंही. मग तो तिची वाहवा करत होता, की तिच्याकडून शेवटची दमडी घेणाऱ्या व्यवस्थेकडे बोट दाखवत होता? 'तुम्हीही असंच करा' असं तो तिथे म्हणत नाही. मार्क ७ मध्ये तर आईबापांच्या हक्काचं 'कुर्बान' म्हणून देवाच्या नावे लावणाऱ्यांना तो खडसावतो.

नगरचा, सध्या वाशी
बेटी, तुझ्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. तरी माझंही ऐक.

वडील नगर जिल्ह्यात सालगडी होते. हंगामाच्या सणाला आई शेरभर बाजरी नेऊन ठेवायची. १९७२ च्या दुष्काळात पाळकसाहेबांनी ती परत दिली. "बाई, लेकरांना भाकरी करून घाल," म्हणाले. माणूस देवभोळा होता, चांगल्या मनानेच म्हणाला. आई घरी येऊन चुलीपुढे बसली आणि रडली. आमच्या माणसांच्या हातचं पाणी गावात कुणी घेत नव्हतं. तिने आजीला विचारलं, "माझ्या हातचं आता देवालाबी चालंना का?" मी आठ वर्षांचा होतो. आज साठी उलटली, तरी तो प्रश्न कानात आहे.

मासेदोनियाच्या मंडळ्या कमालीच्या दरिद्री होत्या, तरी यरुशलेमच्या त्या मदतीत आम्हालाही वाटा द्या, अशी गळ त्यांनी पौलाला घातली. गरिबाचं घ्यायचं नाही, हे ठरवणारे आपण कोण? शिष्यांचे पाय धुवायला प्रभू वाकला, तेव्हा त्यांतला पेत्र म्हणाला, "माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत." तो नम्रपणा नव्हता. घेणाऱ्यालाही वाकावं लागतं, हे त्याला उमगलं नव्हतं.

आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यांनी आधी शिल्लक मोजली असती, तर ते घडलं असतं का?

ऐरोलीची लेक
काका, बाजरीचं वाचून मी बराच वेळ थांबले. तुमच्या आईने मनात ठरवून दिलं होतं. माझ्या आईने भिऊन दिलं. 'द्यावे लागते म्हणून देऊ नये' असं पौल लिहितो, ते याचसाठी. आणि मासेदोनियाचा पैसा यरुशलेमच्या गरिबांकडे गेला. आमच्याकडचा आवारातल्या पेव्हर ब्लॉकला गेला.

टिळकांचं म्हणाल, तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचा. टिळक हातातलं देऊन मोकळे होत आणि संसाराची ओढाताण त्या सोसत. टिळकांचा त्याग मी नाकारत नाही. पण तो एकट्या टिळकांच्या नावावर मांडू नका.

जांभळी नाका
मी कॅथलिक, आमच्याकडे रकमा वाचत नाहीत, म्हणून फक्त एक आठवण. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. टोलेंटिनोचे थॉमस त्यातले एक. निर्धनतेचं व्रत घेतलेली ही माणसं, द्यायला जवळ पैसा नव्हता. पुढे ओडोरिक नावाच्या प्रवाशाने त्यांच्या अस्थी थेट चीनपर्यंत नेल्या, आणि त्याच्या प्रवासवर्णनातूनही आपल्याला ते कळतात. दानाचं बोलताना आपण सगळेच फार लवकर पाकिटावर येतो, असं मला वाटतं.

नेरूळ, परिचारिका
मिझो मैत्रिणींबरोबर होस्टेलात राहिले आहे. मिझोरामच्या मंडळ्यांत १९१० पासून 'बुहफाई थाम' चालतं. भात शिजवायला घेताना मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढायचे. ते गोळा करायला बायका घरोघर जातात. गरीब घरातूनही मूठ निघते, श्रीमंत घरातूनही. आणि तांदूळ न्यायला आलेल्या बाईला त्या घराची चूलही दिसते. ऐरोलीच्या ताईंच्या आईकडे असं कुणी गेलं असतं तर?

तलावपाळी
इतकं लिहून झाल्यावर लक्षात आलं, की जिच्यावरून धागा काढला, तिला मी विचारलंच नव्हतं. काल संध्याकाळी कोपरीला गेले. चहा झाला. मी म्हटलं, नावं वाचणं बंद करा असं मी कमिटीत मांडणार आहे. ती पटकन म्हणाली, "नाव नका बंद करू, ताई. वर्षातून एकदा माझं नाव देवाच्या घरात मोठ्यानं घेतात. आकडा नका वाचू." दीडशे कुठून काढले, हेही तिने सांगितलं. ते इथे लिहिणार नाही.

मी तिच्यासाठी भांडत होते आणि तिचं नावच काढायला निघाले होते. माझं म्हणणं बदलते. सगळ्यांची नावं वाचा, अंडी आणणाऱ्यांचीही, एका सुरात. रकमा वाचू नका. खजिनदार काका, तुमच्या हिशेबात हे बसेल का?

माजी खजिनदार, कळवा
बसेल. पाकिटं तिघांनी मिळून उघडायची. फलकावर पावती क्रमांक आणि त्यापुढे रक्कम लावायची. ज्याची त्याने पावती ताडून पाहावी. एकूण बेरीज माइकवर वाचावी, ती तरी लपवू नये. लिलावाच्या बोलीचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तिथे रक्कम ओरडूनच सांगावी लागते.

आणखी एक. आमच्या दाराशी क्यूआर कोडचा स्पीकर ठेवला आहे, प्रत्येकाची रक्कम तो मोठ्याने बोलतो. इतके महिने तिथून आत जातोय, कधी खटकलं नाही. या रविवारी त्याचा आवाज बंद ठेवायला सांगतो.