मदत हवी आहे: पहाटेच्या दुधाच्या पावतीवर आदल्या दिवसाची तारीख (जावास्क्रिप्ट)

मंडळी, गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी मी नोडमध्ये (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) छोटं अॅप केलंय, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) टाकलं की पावती निघते आणि दर १० दिवसांनी बिल. परवा एक काका दोन पावत्या घेऊन आले, म्हणे १० तारखेला सकाळचं दूध दोनदा लागलंय आणि ११ ला लागलंच नाही. बघितलं तर खरंच, १० ला ते ५:४० ला आलेले, ११ ला ५:१५ ला, आणि दोन्हीवर तारीख १०. बिल १० ला बंद होतं, म्हणजे ११ चं दूध मागच्या बिलात गेलं. संध्याकाळच्या पाळीत एकही चूक नाही. मी न्यू डेट (आत्ताची वेळ) घेऊन टूआयएसओस्ट्रिंग (वेळेचा मजकूर करणारं फंक्शन) करतो आणि पहिली १० अक्षरं कापून छापतो. लॅपटॉपचं घड्याळ बरोबर आहे. लोकांच्या पैशाचा प्रश्न आहे हो, लवकर सांगा.

उत्तर: टूआयएसओस्ट्रिंग कायम यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळेत) वेळ देतं, लॅपटॉपवर काहीही सेटिंग असो. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून आपले पहाटेचे ५:१५ म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे ११:४५. डेटाबेसमध्ये पूर्ण वेळ सेव्ह करताय ना? मग डेटा बिघडलेला नाही, फक्त छापताना टूलोकेलडेटस्ट्रिंग वापरा आणि टाइमझोन आशिया/कोलकाता असा स्वतः लिहून द्या, कारण उद्या अॅप क्लाउडवर गेलं तर तिथलं घड्याळ बहुतेक यूटीसीवरच असतं. साडेपाच तास हाताने मिळवायचा जुगाड मात्र नको, दुसऱ्या कुठल्या फंक्शनमध्ये तेच परत मिळवले जातात आणि मग शोधत बसावं लागतं.

पूर्ण वेळ सेव्ह आहे, सुटलो! पावती आता बरोबर येतेय. पण लोकेल (भाषेची सेटिंग) मराठी दिल्यावर आकडे देवनागरीत आले आणि आमचा थर्मल प्रिंटर तिथे प्रश्नचिन्हं छापतो. आणि बिलात ती ५:१५ ची नोंद अजून मागच्याच १० दिवसांत दिसतेय, ते का?

उत्तर: आकड्यांसाठी ऑप्शनमध्ये नंबरिंगसिस्टम लॅटन (म्हणजे इंग्रजी आकडे) द्या. बिलाचं म्हणाल तर ११ तारखेपासूनच्या नोंदी शोधताना तुम्ही न्यू डेटला नुसती तारीख देत असणार, वर्ष-महिना-दिवस अशी. नुसती तारीख दिली की जावास्क्रिप्ट ती यूटीसीची मध्यरात्र धरतं, म्हणजे आपले पहाटेचे ५:३०, आणि काकांचं दूध त्याच्या १५ मिनिटं आधीचं. तारखेला जोडून मध्यरात्रीची वेळ आणि शेवटी अधिक ०५:३० लिहा, आणि १ तारखेची व २१ तारखेची पहाटही तपासा, तिथेही हेच झालं असणार.