लुथेरन मंडळीतील प्रभुभोजन: मेज कोणासाठी मांडलेले असते?

धागालेखिका:
मी मूळची नगरची असून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मराठी मंडळीत माझा बाप्तिस्मा आणि दृढीकरण झाले. गेली दोन वर्षे अमेरिकेत असल्यामुळे घराजवळच्या एका लुथेरन, म्हणजे मार्टिन लुथरची शिकवण मानणाऱ्या, मंडळीत उपासनेला जाते. सर्वांनी मिळून केलेली पापकबुली, पाळकांनी उच्चारलेली पापक्षमा, शास्त्रपाठ, उपदेश, विश्वासांगीकार आणि मग प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाप्रमाणे भाकर व द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी) हा तिथला क्रम मला परका वाटला नाही. मात्र ज्यांचे या मंडळीच्या शिकवणुकीशी एकमत नाही त्यांनी भाकर व प्याला घेऊ नये, हात छातीवर घेऊन पुढे यावे, म्हणजे पाळक आशीर्वाद देतील, असे उपासनापत्रिकेत छापलेले होते. मी तशीच गेले आणि वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकले. शेजारच्या आजींच्या तळहातावर भाकरीची पांढरी चकती ठेवली गेली, प्याला मला ओलांडून पुढे गेला आणि पाळकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हातात माया होती, हे मी मनापासून सांगते.

तरीही मला ही प्रथा चुकीची वाटते, कारण या मेजाचा यजमान प्रभू आहे, मंडळी नव्हे. ज्या काळी दुसऱ्याच्या हातच्या एका घोटाने माणूस जातीबाहेर जात असे, त्या काळी निरनिराळ्या जातींतून आलेले आपले पूर्वज एका प्याल्यातून प्यायले. त्या प्याल्याची लेक असलेल्या मला तो ओलांडून जाताना पाहणे जड गेले.

प्रतिसाद 1:
आपले दुःख खरे आहे, पण त्या पाळकांनी जे केले ते योग्यच केले, असे मला वाटते. मी स्वतः मराठी मंडळीतून येऊन लुथेरन झालो आणि त्याआधी जवळजवळ वर्षभर पाळकांकडे शिक्षणाला बसलो. सन 1529 मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे मार्टिन लुथर आणि स्विस धर्मसुधारक झ्विंग्ली यांची भेट झाली, तेव्हा 15 कलमांपैकी 14 कलमांवर एकमत झाले. अडले ते शेवटच्या कलमात, भाकरीत ख्रिस्ताचे शरीर खरोखर असते की नाही, या मुद्द्यावर. ‘हे माझे शरीर आहे’ या वाक्यातील ‘आहे’ हा शब्द लुथरने शेवटपर्यंत सोडला नाही. जर ते शरीर खरोखर तेथे असेल, तर घेणाऱ्याला उमज असो वा नसो, ते त्याच्या हाती पडतेच. आणि स्वतःची परीक्षा न करता खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, असे पौलाने करिंथकरांस बजावले आहे. म्हणूनच ज्यांना मेजाकडे यायचे आहे त्यांनी आधी पाळकांना कळवावे आणि आपला विश्वास काय ते सांगावे, अशी अपेक्षा लुथरने 1523 च्या उपासनाक्रमातच नोंदवली. पाळक हा कारभारी आहे आणि ज्याला तो ओळखत नाही त्याच्याबद्दल तो उत्तर कसे देणार?

प्रतिसाद 2:
वरील मांडणी लुथेरन आहे, पण सगळे लुथेरन तिला बांधलेले नाहीत. 1847 मध्ये स्थापन झालेल्या मिसूरी सिनॉड या अमेरिकेतील लुथेरन संस्थेची भूमिका साधारण अशी आहे. पण 1988 मध्ये तीन मंडळ्यांच्या विलीनीकरणातून झालेली इव्हँजेलिकल लुथेरन चर्च इन अमेरिका बाप्तिस्मा झालेल्या सर्वांचे मेजावर स्वागत करते. याच संस्थेने 1997 मध्ये रिफॉर्म्ड, म्हणजे झ्विंग्लीसारख्या सुधारकांच्या, परंपरेतील तीन मंडळ्यांशी पूर्ण सहभागितेचा करार केला आणि त्या तिघींपैकी एक आहे युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट. धागालेखिकेला हे जवळचे वाटावे, कारण 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये नगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनला पाठवणाऱ्या काँग्रिगेशनल मंडळ्यांचा वारसा याच युनायटेड चर्चकडे आला आहे. मारबुर्गची ती दरी युरोपातही लुथेरन आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांमधल्या 1973 च्या लॉयेनबर्ग करारानंतर मेजाच्या आड येईनाशी झाली आहे. शिवाय लुथरच्या लहान प्रश्नोत्तरीत मेजाला येण्यास योग्य कोण, याचे उत्तर साधे आहे: ‘तुमच्यासाठी’ या शब्दांवर ज्याचा विश्वास आहे तो.

प्रतिसाद 3:
आपल्या मराठी मंडळ्यांचे मेजही नेहमी उघडे नव्हते, हे विसरू नये. माझ्या लहानपणी आमच्या खेड्यातील मंडळीत एखाद्या चुकीबद्दल शिस्तीखाली ठेवलेल्या सभासदाला भाकर मिळत नसे. माझे चुलते एका प्रभुभोजनाच्या रविवारी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलेले मी पाहिले आहेत. आपण तेव्हा त्याला अन्याय म्हटले नाही.

धागालेखिका:
ही आठवण माझ्या म्हणण्यावर नेमके बोट ठेवते आणि मी ती मान्य करते. प्रतिसाद 1 वाचून मी पाळकांना भेटले आणि भाकरीत प्रभूचे शरीर खरोखर आहे, असा माझा विश्वास असल्याचे सांगितले. त्यांना आनंद झाला, पण माझी मंडळी तसे एकमुखाने शिकवत नाही, म्हणून शिक्षण पूर्ण करून सभासद होईपर्यंत थांबावे, असे ते म्हणाले. म्हणजे कसोटी माझ्या विश्वासाची नसून माझे नाव कोणत्या वहीत आहे, याची ठरते.

प्रतिसाद 1:
वहीची नव्हे, सहभागितेची. एका कठड्यापाशी गुडघे टेकणारे आपण एकच विश्वास कबूल करतो, असे सर्वांदेखत सांगत असतात. आपण तसे सांगू शकाल, असे मला वाटते. पण नगरच्या मंडळीला सोडून ते सांगावे लागेल, ही किंमत लहान आहे, असे मी कधीच म्हणणार नाही. मी ती मोजली आहे.

धागालेखिका:
ती मी मोजणार नाही. बुधवारच्या शिक्षणाला मात्र जाईन, आणि तोवर कठड्यापाशी हात छातीवर घेऊनच गुडघे टेकेन.