खरी कसोटी पत्त्यांची
स्त्रियांच्या आरोग्याचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या अभ्यासात मोठा नमुना घेतला की निम्मं काम झालं, असं म्हणतात; हा मुद्दा मला पटत नाही. खरी कसोटी त्याच बायका वीस वर्षांनी पुन्हा सापडण्यात आहे.

ऑस्ट्रेलियाचा स्त्रियांच्या आरोग्यावरचा राष्ट्रीय अभ्यास बघा. १९९६ मध्ये तीन वयोगटांतल्या ४० हजारांवर स्त्रिया घेतल्या: १८ ते २३, ४५ ते ५० आणि ७० ते ७५. नावं मेडिकेअरच्या (तिथल्या सरकारी आरोग्य विम्याच्या) नोंदींतून निवडली आणि ग्रामीण, दुर्गम भागांतल्या स्त्रिया मुद्दाम जास्त प्रमाणात घेतल्या, नाहीतर शहरांच्या गर्दीत त्या दिसल्याच नसत्या. सर्वांत जास्त गळती तरुण गटात झाली. शिक्षण, नोकरी, परदेश, लग्नानंतर बदललेलं आडनाव... पत्र पाठवणार कुठे? (आणि प्रश्नावली भरायला फुरसत कोणाला, हेही आहेच.) वृद्ध गटात अडचण वेगळी: आजारी आणि अशक्त स्त्रिया आधी बाहेर पडतात, मग उरलेल्यांचं आरोग्य उगाच चांगलं दिसतं. म्हणूनच उपचारांच्या आणि मृत्यूच्या सरकारी नोंदींची जोड महत्त्वाची, अर्थात संमती आणि गोपनीयतेचे नियम सांभाळून.

२०१२-१३ मध्ये नवा तरुण गट घेताना तर भरती मुख्यतः इंटरनेटवरून केली. त्यात नमुना कितपत प्रातिनिधिक राहतो, यावर मात्र वाद घालायला मी तयार आहे.