सेनापतीचा पदकसंच: खासगी संग्रहात की सार्वजनिक ठेव्यात?

फीत_आणि_बकल
नावाजलेल्या सेनापतीचा संच लिलावात आला की आम्हा संग्राहकांकडे लोक संशयाने बघतात. 'शौर्याचा बाजार मांडलाय' हे मी वीस वर्षं ऐकतोय. पण आम्ही नसतो तर असे कितीतरी संच वाटणीतच फुटले असते. एका भावाकडे क्रॉस, दुसऱ्याकडे स्टार, तिसरा चांदी म्हणून मोडीत काढणार.

ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धातले मोहिमांचे स्टार नाव न कोरताच दिले. अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) या पदकावरही अधिकृत नाव नसतं. 1938 पासून खालच्या पट्टीमागे फक्त साल कोरलेलं असतं. संच फुटला की बर्मात ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याचे सेनापती असलेल्या जनरल स्लिम यांचा बर्मा स्टार आणि त्यांच्या सैन्यातल्या स्वयंपाक्याचा बर्मा स्टार यांत काडीचा फरक राहत नाही. म्हणून संच एकत्र राहणं महत्त्वाचं, मग तो कुणाच्या का कपाटात असेना.

अभिलेख
स्लिम यांचंच उदाहरण घेतलंत ते बरं केलंत. डिसेंबर 1944 मध्ये इंफाळजवळ व्हाइसरॉय वेव्हेल यांनी त्यांना रणभूमीवरच 'सर' केलं. तो मान कोहिमा-इंफाळला लढलेल्या अख्ख्या चौदाव्या सैन्याचा होता. शिपायाचं पदक त्याने स्वतः केलेल्या कामाचं असतं. सेनापतीच्या पदकात मात्र इतरांचं रक्त असतं, त्यामुळे ते एकट्याच्या मालकीचं होऊच शकत नाही. गार्टर या ब्रिटनच्या सर्वोच्च 'सर'की सन्मानाची चिन्हं धारकाच्या मृत्यूनंतर राजघराण्याकडे परत जातात, हा नियम मला म्हणूनच पटतो.

आणि तुमचे दर! 2009 मध्ये नोएल शॅवास या डॉक्टर कॅप्टनचा व्हिक्टोरिया क्रॉसचा (ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक) संच सुमारे 15 लाख पौंडांना गेला. असे आकडे ऐकल्यावर कोणतं कुटुंब संग्रहालयाला फुकट देईल?

फीत_आणि_बकल
तो घेणाऱ्या लॉर्ड अॅशक्रॉफ्ट यांनी आपला संग्रह 2010 पासून लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये लोकांसाठी मांडला, हेही सांगा ना. शिवाय संग्रहालयं सुरक्षित असतात हा भ्रम आहे. डिसेंबर 2007 मध्ये न्यूझीलंडच्या वायऊरू लष्करी संग्रहालयातून 96 पदकं चोरीला गेली, त्यांत नऊ व्हिक्टोरिया क्रॉस. फेब्रुवारी 2008 मध्ये ती परत मिळाली. तेव्हा जाहीर झालेल्या 3 लाख न्यूझीलंड डॉलरच्या बक्षिसातले 2 लाख याच अॅशक्रॉफ्टनी देऊ केले होते.

अभिलेख
आणि 2025 मध्ये अॅशक्रॉफ्ट यांचं लंडनमधलं ते दालन बंद झालं, पदकं मालकाकडे परत. माझा मुद्दा हाच आहे. दाखवायचं की नाही, हे एका माणसाच्या मर्जीवर.

मेजरची_नात
माझे आजोबा सेनापती नव्हते, मेजर होते. आम्ही त्यांची पदकं एका संग्रहालयाला दिली. आठ वर्षांनी मुलाला दाखवायला घेऊन गेले तर खोका सापडायला दोन तास लागले. नव्या कोऱ्या फिती लावल्या होत्या, त्याही चुकीच्या क्रमाने. जुन्या फितीचा रंग पुढून उडाला होता, पण मागच्या घडीत अजून लखलखीत होता. लहानपणी मी ती घडी उलगडून बघायचे. ती फीत कुठे गेली हे कुणालाच सांगता आलं नाही. अभिलेख, तुमचं तत्त्व मला मान्य आहे, पण सार्वजनिक ठेवा म्हणजे विसरलेला खोका असेल तर मी पुन्हा देणार नाही.

अभिलेख
वाचून वाईट वाटलं. ही अक्षम्य हेळसांड आहे, तिचं समर्थन मी करणार नाही.
फीत_आणि_बकल, तुम्हाला एकच विचारतो. मागच्या वर्षी तुम्ही एका ब्रिगेडियरचा संच घेतलात. त्यासोबतची पत्रं, डायरी कुठे आहे? ओळख संचाने टिकते म्हणता, पण नावच नसलेला स्टार त्याचाच, हे सिद्ध कशाने करणार?

फीत_आणि_बकल
डायरी वेगळ्या लॉटमध्ये होती. पैसे पदकांतच संपले होते, मी बोली लावली नाही. चूक झाली. ज्यांनी घेतली त्यांना मी लिलाववाल्यांमार्फत पत्र पाठवलंय, निदान पानांचे फोटो तरी द्या म्हणून. तीन महिने झाले, उत्तर आलेलं नाही.