भूसुरुंग शोधायला कुत्री जास्त कामाची की गावातले गुराखी?

बांधावरचा:
कंबोडियात १९९६ च्या एका वर्षात सुरुंगांनी ४,३०० वर माणसं मेली नाहीतर जायबंदी झाली, आता हा आकडा वर्षाला शंभरच्या आसपास किंवा त्याखाली असतो. क्रेडिट कुणाला, तर कुत्र्यांना आणि त्या सुरुंग हुंगणाऱ्या मगावा नावाच्या आफ्रिकन उंदराला, त्याला तर २०२० मध्ये ब्रिटनमधून सोन्याचं पदक. मान्य आहे, पण थायलंडच्या सीमेवर सगळ्याच बाजूंनी सुरुंग पेरले, नकाशे कुणी धड ठेवले नाहीत, मग कुत्रं सोडायचं कुठे हे सांगतो कोण? गुराखी! गाय कुठे उडाली, कुठल्या झाडीत कुणी लाकडाला जात नाही, हे त्यालाच ठाऊक. पैसा आधी गावागावात फिरून माहिती काढण्यावर घाला.

श्वानवेडी_नाशिक:
अहो पण कुठल्या गावकऱ्याची माहिती? १९९२-९३ ला थायलंडमधल्या निर्वासित छावण्यांतून साडेतीन लाखांवर लोक परत आले, त्यातले कितीतरी दहा-बारा वर्षं तिकडेच होते, त्यांना काय माहीत कुठे काय पुरलंय? आणि ज्याने पुरलं तो कधीच मेला. कुत्रं लोखंड शोधत नाही, मातीतून झिरपणारा स्फोटकाचा वास घेतं, म्हणून प्लॅस्टिकचा सुरुंगही सापडतो. मेटल डिटेक्टर खिळ्याला, डब्याच्या पत्र्याला सगळ्यालाच बोंबलतो.

बांधावरचा:
वास घेतं, पण कधी? ऊन चढलं की ते धापा टाकायला लागतं, मग कसला वास. वारा सुटला, गवत दाट असलं तरी बोंब.

श्वानवेडी_नाशिक:
म्हणून तर पहाटे काम करतात ना दादा. लांब दोरीवर कुत्रं एका पट्टीत सरळ चालवायचं, वास आला की ते गप खाली बसतं. आणि एकाच्या भरवशावर पट्टी कुणी मोकळी म्हणत नाही, त्याच पट्टीवरून दुसरं कुत्रं फिरवतात.

मुक्काम_चंद्रपूर:
आमच्या शेजारी गडचिरोलीत या म्हणावं गुराख्याला विचारायला. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ नक्षल्यांच्या सुरुंगस्फोटात १५ जवान आणि ड्रायव्हर गेले. तिथे गावात माहीत असलं तरी बोलणार कोण, खबरी म्हणून मारायचे.

बांधावरचा:
ती केस वेगळी. तिथे तेव्हा पुरणारा जंगलातच फिरत होता, कंबोडियातली यादवी संपून पंचवीसेक वर्षं झाली. गडचिरोलीत कुत्रंच पुढे पाहिजे, मला मान्य.

पाटील_काका:
दोघंही एक विसरताय. गावकरी "तिकडे जाऊ नका" म्हणाला की अख्खं शिवार संशयित, आत सुरुंग एका कडेला चार, मग बाकीची जमीन वर्षानुवर्षं पडीक. ती मोकळी करायला कुत्रं किंवा उंदीर बेस्ट, मगावा टेनिस कोर्टाएवढी जागा अर्ध्या तासात हुंगायचा, माणसाला डिटेक्टर घेऊन चार-चार दिवस लागतात. उलटही होतं, पोटाला जमीन लागते म्हणून माणूस "काही नाही इथे" म्हणतो आणि नांगर घालतो. त्याची माहिती घ्या, पण शेत त्याच्या शब्दावर मोकळं करू नका.

श्वानवेडी_नाशिक:
काका +१

बांधावरचा:
काका, मी तरी कुठे म्हटलं शब्दावर मोकळं करा? यादी गावाने द्यावी, कुठलं शेत आधी पाहिजे तेही गावानेच ठरवावं, मग आणा तुमची कुत्री. बाहेरची टीम येते आणि रस्त्यालगतचं सोपं शेत आधी साफ करते, पाणवठ्याची वाट तशीच, हे तरी नको.