आधी चाचणी कुठली ते विचारा
वर एकांनी लिहिलंय की कर्णबधिर मुलाचा बुद्ध्यांक सत्तरच्या खाली आला म्हणजे तो मतिमंदच, आकडा खोटं बोलत नाही. नसेल बोलत, पण चाचणी कुठली लावली? बिने-कामत या बुद्धिमापन चाचणीतले बरेचसे प्रश्न तोंडी असतात. आमच्या सोलापुरात पूर्व भागात घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि पोराला दोन्ही ऐकू येत नाही. मग मोजली काय, बुद्धी की भाषा?

हातानं करून दाखवायच्या, म्हणजे कृतीच्या चाचण्या त्यापेक्षा बऱ्या, पण तिथेही मेख आहे. भाटियांच्या १९५५च्या कृतिचाचण्यांच्या संचात ठोकळे, चित्रं जुळवणं वगैरे ठीक. पण पाचातली एक चाचणी ऐकलेले आकडे परत म्हणायची! ती धरून गुण काढलेत का, हे अहवालात बघाच.

माझ्या भाचीच्या वेळी तर चाचणी घेणाऱ्या बाई कागदात मान घालून सूचना देत होत्या. ओठ दिसणार कुठून? त्यात खुणा बघायच्या की ठोकळे, आणि स्टॉपवॉच चालूच.

फेरचाचणी मागा. रेव्हनच्या चाचणीत आकृतीतला गाळलेला तुकडा ओळखायचा असतो, तिला बोलणं जवळजवळ लागत नाही. खुणांची भाषा येणारं माणूस सोबत न्या, आणि हो, श्रवणयंत्राचे सेल आदल्या रात्रीच बदला.